ज्ञानगंगा दारी आली. पाणी भरायचे कुणी?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाची बैठक भरली होती. विषयपत्रिकेवर चर्चच्या छपराची गळती, सणाचा खर्च आणि शेवटी अभ्यासिकेचे वीजबिल असे विषय होते. चर्चच्या मागील खोलीत गेली कित्येक वर्षे ही अभ्यासिका चालते. दोन ट्यूबलाइट, सहा बाके, एक फळा आणि रोज संध्याकाळी सायकलवर येणारे एक निवृत्त गुरुजी एवढाच तिचा संसार. मंडळातील एक सदस्य म्हणाले, “फादर, आता सारं मोबाइलातच हाय नं फुकटात. आयआयटीचे मास्तरबी तिथंच शिकवतेत. मंग हे लाइटाचं बिल कायले भरायचं?” सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो आणि मान डोलावली. अभ्यासिका बंद करून त्या पैशात एक मोठा टीव्ही घ्यावा, असा सूर निघाला. निर्णय मात्र पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

त्या रात्री आमचे मन आम्हांस खाऊ लागले. ज्या गोष्टीला आम्ही मान डोलावली ती आम्ही स्वतः कधी पाहिली होती काय? पुस्तक न वाचता त्यावर अभिप्राय देणाऱ्यास आपण समीक्षक म्हणत नाही. मग एकही धडा शेवटपर्यंत न पाहता, फुकट धड्यांच्या भरवशावर शिकण्याची एक खोली बंद करायला निघालेल्या धर्मगुरूस काय म्हणावे? म्हणून पावसाळ्याचे चार महिने आम्ही वही घेऊन बसलो आणि जगभर गाजलेले व आपल्या देशात निघालेले विनामूल्य धडे, एखाद्या ग्रंथाचे परीक्षण करावे तसे पाहिले. प्रस्तुत लेख हे त्या वहीचे फलित होय.

प्रथम या चळवळीचे ऋण मान्य करणे न्याय्य ठरेल. आपल्या वऱ्हाडात शिक्षणासाठी गाव सोडणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम होता. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९२७ साली अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभारले आणि पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा विस्तार केला, त्यामागे हेच दुखणे होते. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला शहरात डोके टेकायला जागा नव्हती. संत गाडगेबाबांनी तर घरात भांडी नसली तरी चालेल, पण लेकरू शाळेत घाला, असे कीर्तनातून गावोगाव बजावले. आपल्या मिशनच्या बोर्डिंगांचा इतिहासही याच वाटेवरचा आहे. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे बोधवाक्य मराठी माणसाच्या ओठी बसले. ज्ञानापाशी माणसाने जाण्याऐवजी ज्ञानाने माणसापाशी यावे, ही कल्पना आपल्याकडे अशा रीतीने आधीच रुजली होती.

जगात या कल्पनेला नवे वळण मिळाले ते २००१ साली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांना विनामूल्य खुले करण्याची घोषणा केली. भारतात २००३ साली आयआयटी संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल हा प्रकल्प आरंभला. २०११ साली स्टॅनफर्डच्या अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक वर्ग इंटरनेटवर सर्वांस खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदविली. २०१२ साली कोर्सेरा आणि एडएक्स सुरू झाल्या. ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयम्’ या भारत सरकारच्या उपक्रमाचे उद्घाटन झाले. तत्पूर्वी सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनाने इंटरनेट स्वस्त झाले होते. तेल्हाऱ्याच्या किंवा दर्यापूरच्या एखाद्या मुलाने आपल्या ओसरीवर बसून मद्रास आयआयटीच्या प्राध्यापकाचे व्याख्यान एक पैसा फी न देता ऐकावे, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिदशेत कुणी सांगितली असती तर आम्ही ती परिकथा मानली असती. आज ती वस्तुस्थिती आहे आणि तिचा आनंद आम्हांस मनापासून वाटतो.

तथापि, पुस्तक घरात आल्याने ते वाचले जात नाही. म्हणून या धड्यांकडे आम्ही शिकवण्याचे वाङ्मय म्हणून पाहिले आणि त्यांना तीन प्रश्न विचारले. हा धडा कुणाशी बोलतो? कोणत्या भाषेत बोलतो? आणि बोलून झाल्यावर उत्तराची वाट कोण पाहतो?

पहिला प्रश्न घेऊ. एनपीटीईएलची जी व्याख्याने आम्ही पाहिली त्यांतील विद्वत्तेबद्दल शंका घेण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु त्यांतील पुष्कळशी व्याख्याने म्हणजे वर्गाचे चित्रीकरण आहे. प्राध्यापक फळ्याकडे पाहतात, कधी समोरच्या निवडक विद्यार्थ्यांकडे पाहतात. जो दूरवर बसून ऐकतो आहे त्याच्याकडे त्यांची नजर क्वचितच वळते. कठीण प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन आलेल्या मुलांना जे गृहीत धरता येते, ते मूर्तिजापूरच्या महाविद्यालयातील मुलीस गृहीत धरता येत नाही. ती ऐकते, मान हलवते, आणि दहाव्या मिनिटाला वाट चुकते. तिची वाट चुकली हे व्याख्यात्यास कळण्याचा काहीच मार्ग नसतो.

याउलट खान अकादमीचे धडे पाहावेत. त्यांची जन्मकथा प्रसिद्ध आहे. सलमान खान हे गृहस्थ २००४ साली बोस्टनमध्ये नोकरी करीत असताना दूर न्यू ऑर्लीन्सला राहणाऱ्या नादिया नावाच्या आपल्या नात्यातील मुलीला फोनवरून गणित शिकवीत. पुढे नात्यातील आणखी मुले येऊ लागली, तेव्हा २००६ साली त्यांनी धडे चित्रित करून ठेवले. या धड्यांत शिकवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. काळ्या पाटीवर रंगीत अक्षरे उमटत जातात आणि शेजारी बसून बोलावे तसा आवाज ऐकू येतो. तो आवाज अडखळतो, चुकतो, चूक दुरुस्त करतो. हे धडे कोट्यवधींनी पाहिले. पण ते रचले गेले एका ओळखीच्या मुलीसाठी, जिचे कुठे अडते हे शिकवणाऱ्यास ठाऊक होते. चांगल्या पत्राला जसा एक पत्ता असतो, तसा या धड्यांना होता. त्यांच्या यशाचे मर्म आम्हांस तंत्रापेक्षा येथे अधिक दिसते.

आणि हे मर्म आपल्याकडे अपरिचित होते असेही नाही. मुक्त विद्यापीठाची जुनी पुस्तके काढून पाहावीत. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांच्या काळापासून ही पुस्तके स्वयं-अध्ययनासाठी म्हणून लिहिली गेली. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये मध्ये थांबून स्वतःला विचारायचे प्रश्न आणि पुढे त्यांची उत्तरे. समोर शिक्षक नाही, हे जाणून लिहिलेले ते गद्य आहे. ते काही ठिकाणी रुक्ष आहे, साच्यातले आहे, हे खरे. पण वाचणारा एकटा आहे याचे भान त्यात आहे. शिवाय पुस्तकामागे अभ्यासकेंद्र आणि संपर्कसत्र होते. आजच्या झगमगत्या धड्यांपैकी अनेकांना हे भान नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. जगातील विनामूल्य ज्ञानाचा फार मोठा भाग इंग्रजीत आहे, हे सांगण्यास नवे काही नाही. मराठीत जे आहे त्याची गुणवत्ता कशी, हा समीक्षेचा विषय. मराठी विश्वकोश आज कुणालाही फुकट वाचता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेली ती संपदा आहे. परंतु तो कोश आहे, शिकवणे हे त्याचे कामच नव्हे. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने संगणकाचे छोटे छोटे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांतून ऐकवले. येथे पडद्यावरची अक्षरे इंग्रजी राहतात आणि कानावरचे निवेदन मराठी असते. ही तडजोड आम्हांस शहाणपणाची वाटली. मुलाला पुढे इंग्रजी पडद्यावरच काम करावयाचे आहे. समजून घेण्याचे काम मात्र तो मातृभाषेत करतो. धडा दहा मिनिटांच्या आसपास आटोपतो आणि ऐकता ऐकता हाताने करून पाहावा लागतो. शिकवण्याच्या वाङ्मयाचा हा एक नेटका नमुना आहे.

याच्या उलट, अलीकडे यंत्राच्या साह्याने केलेली काही मराठी भाषांतरे आणि उपशीर्षके आम्ही वाचली. शब्द मराठी असतात. वाक्य मराठी नसते. विद्यार्थ्याला आधी वाक्य सोडवावे लागते आणि मग गणित. अशा मराठीपेक्षा सरळ इंग्रजी बरे, असे मुले म्हणू लागतात आणि मराठीचा पराभव मराठीच्याच नावाने होतो. ज्या ख्रिस्ती परंपरेने फादर स्टीफन्ससारख्या परदेशी मिशनऱ्याला सतराव्या शतकाच्या आरंभी मराठीत लिहिण्याइतकी मराठी शिकण्यास लावली, त्या परंपरेच्या वाचकांना हे वेगळे सांगणे नको.

आपल्या अमरावती जिल्ह्यातच हा प्रश्न आणखी खोल जातो. मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत कोरकू मुले घरी कोरकू बोलतात. ही भाषा मुंडा कुळातील; मराठीशी तिचे नाते नाही. त्या मुलाला मराठी धडासुद्धा परभाषेतलाच. धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ साली महाराष्ट्र शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने देशातील पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. इंटरनेट, दूरवैद्यक, इ-शिक्षण असा आराखडा होता. पुढे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात या सोयी खरोखर चालतात की नाही, यावर जाहीर सभांतून वाद झडला. त्या राजकारणात शिरण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. आम्हांस फक्त इतके म्हणावयाचे आहे, की त्या साऱ्या वादात तार किती आली, यंत्र किती चालले, हेच विचारले गेले. त्या तारेतून येणारा धडा कोरकू मुलाला कोण उलगडून सांगणार, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

आता तिसरा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. उत्तराची वाट कोण पाहतो? स्टॅनफर्डच्या त्या वर्गात १ लाख ६० हजारांनी नावे घातली; शेवटास गेले सुमारे २३ हजार. पुढे हा आकडा आणखी रोडावला. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१७-१८ मध्ये नाव नोंदविणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे सुमारे ३ टक्के होते. नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी तर वर्गाचा उंबरठाही ओलांडला नव्हता. २०१३ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाने गणितात मागे पडलेल्या मुलांसाठी असाच ऑनलाइन वर्ग चालवून पाहिला. निकाल नेहमीच्या वर्गापेक्षा खाली आला आणि प्रयोग थांबवावा लागला. ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज होती त्यांनाच तो धडा सर्वांत कमी लाभला.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. ग्रंथालयातून आणलेले पुस्तक अर्धे वाचून परत केले तर आपण त्यास नापास म्हणत नाही. कुणी दोन धडे ऐकतो, हवे ते घेतो आणि निघून जातो. त्यात वाईट काय? काहीच नाही. ज्याच्या पदरी आधीच पदवी आहे, ज्याला शिकायचे कसे हे अवगत आहे, त्याच्यासाठी हे धडे म्हणजे उत्तम ग्रंथालय आहे. आक्षेप तेथे लागू पडतो. परंतु आपल्या सभेत जेव्हा कुणी म्हणते की ‘सारे मोबाइलात आहे’, तेव्हा ते ग्रंथालयाविषयी बोलत नसते. ते शाळेविषयी, शिकवणीविषयी, अभ्यासिकेविषयी बोलत असते. ज्या मुलाच्या घरात पुस्तक वाचणारे कुणी नाही त्याच्याविषयी बोलत असते. त्या मुलाचा अर्धा राहिलेला धडा हा निवडीचा भाग नसतो. तो हरलेला असतो, आणि आपण हरलो हे सांगण्यास त्याला कुणी सापडत नाही.

याची परीक्षा आपण सर्वांनी २०२० आणि २०२१ या वर्षांत दिली आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ‘दीक्षा’वरून धडे पाठवले गेले, मोबाइलवर अभ्यासमाला येऊ लागल्या. आपल्याकडे तर सुटकेचा श्वास घेतो न घेतो तोच २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती आणि अचलपूर येथे पुन्हा टाळेबंदी लागली. त्या काळात ‘असर’च्या पाहणीत दिसून आले, की २०२१ साली देशाच्या ग्रामीण भागात घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकीही सुमारे चौथा हिस्सा मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी पडत नव्हता. बाप फोन घेऊन कामावर जाई. फोन घरी असला तर आधी दादाचा तास, मग धाकट्याचा आणि उरल्या चार्जिंगमध्ये ताईचा. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत फोन वापरू शकणाऱ्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ३६ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी सुमारे २७ टक्के मुलींकडे. याच वयोगटात आदल्या आठवड्यात फोनचा उपयोग अभ्यासासाठी करणारे सुमारे ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी करणारे सुमारे ७६ टक्के आढळले. धडा फुकट आहे. पण फोन, रिचार्ज, निवांत कोपरा आणि घरच्यांची परवानगी या गोष्टी फुकट नाहीत, आणि त्यांची किंमत घरातल्या मुलीला सर्वांत जास्त मोजावी लागते.

त्या टाळेबंदीतील एका कार्यक्रमाचा उल्लेख येथे आवर्जून करावासा वाटतो. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागू लागली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी बालभारतीच्या पाठ्यक्रमावर ती बेतली होती. तिला इंटरनेट लागत नव्हते. घरातला साधा टीव्ही पुरे होता. आणि तिच्यात फळ्यापुढे उभा राहून बोलणारा शिक्षक नव्हता. मुले घरातल्या मोठ्यांच्या संगतीने, घराच्या आणि परिसराच्या वस्तू हाताळत शिकताना दिसत. कलाकृती म्हणून तिच्यात उणिवा होत्या. काही प्रसंग ओढूनताणून आणलेले वाटत, संवाद पुस्तकी होत. परंतु तिच्या कर्त्यांना एक गोष्ट उमगली होती. पडद्यावरचे मूल एकटे नव्हते. म्हणून पडद्यापुढच्या मुलानेही आईला हाक मारली.

दूरस्थ धड्याला जवळचा माणूस लागतो, हे ज्ञान कॅथलिक जगाला तर जुने आहे. १९४७ साली कोलंबिया देशातील सुतातेन्सा या डोंगरी खेड्यात होसे होआकिन साल्सेदो नावाचे तरुण सहायक धर्मगुरू आले. निरक्षर शेतकऱ्यांसाठी त्यांनी एक लहानसे रेडिओ केंद्र उभारले. पुढे ‘रेडिओ सुतातेन्सा’ची शाळा देशभर पसरली. पण नुसता रेडिओ वाटून ते थांबले नाहीत. प्रत्येक रेडिओपाशी शेजारपाजारच्या मंडळींना जमवणारा, फळ्यावर अक्षर गिरवून दाखवणारा एक साधा साहाय्यक नेमलेला असे. तो विद्वान नसे. थोडे लिहिता-वाचता येणारा शेजारीच असे. जोडीला छापील पुस्तिका होत्या, वृत्तपत्र होते आणि श्रोत्यांकडून आलेली लक्षावधी पत्रे होती. १९८९ मध्ये ते केंद्र बंद पडले. पत्रे अद्याप बोगोटाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. आमच्या काळात, २०१० पासून, येशूसंघीयांनी केनियातील काकुमा आणि मलावीतील द्झालेका येथील निर्वासितांच्या छावण्यांत ऑनलाइन उच्च शिक्षण नेले. तेथेही शिकवणारे दूर देशी असतात, पण छावणीत एक केंद्र आणि हाताशी एक मार्गदर्शक असतो. साठ-सत्तर वर्षांच्या अंतराने दोन खंडांत एकच धडा गिरवला गेला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

‘फुकट’ या शब्दाबद्दलही चार शब्द लिहिणे भाग आहे. ‘स्वयम्’वरचे धडे ऐकण्यास पैसा पडत नाही, प्रमाणपत्र हवे तर शुल्क भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीत धरण्याची मर्यादा २०१६ साली २० टक्के ठेवली होती. २०२१ साली ती ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. हे स्वागतार्ह आहे. पण उद्या एखाद्या गरीब महाविद्यालयाने ‘धडे आहेतच’ म्हणून प्राध्यापकाची जागाच भरली नाही, तर ते फुकट शिक्षण कुणाला किती महाग पडले, याचा हिशेब कोण करणार? आणि दात्यांवर तरी किती विसंबावे? एडएक्स ही हार्वर्ड-एमआयटीने ना-नफा तत्त्वावर सुरू केलेली. २०२१ साली ती टू-यू या कंपनीस ८० कोटी डॉलरांना विकली गेली आणि २०२४ साली त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. गावची विहीर दुसऱ्याच्या शेतात असली की पाणी केव्हा बंद होईल याचा नेम नसतो, हे वऱ्हाडी शेतकऱ्यास सांगावयास नको.

कुणी म्हणेल, आता तर यंत्रच प्रश्नांना उत्तरे देते. २०२३ पासून खान अकादमीनेही असा यांत्रिक साहाय्यक आणला आहे. आम्ही तोही प्रकार पाहिला. उत्तर मिळते, अनेकदा चांगले मिळते. पण उत्तर देणे वेगळे आणि वाट पाहणे वेगळे. काल तू का आली नाहीस, असे यंत्र विचारत नाही. विचारलेच तर त्या विचारण्याची लाज वाटत नाही.

हे आम्हांस पुस्तकातून कळले नाही. पावसाळ्यातच आमच्या धर्मग्रामातील पाच मुलामुलींनी ‘स्वयम्’वर नावे घातली होती. तिघे महिन्याभरात गळाले. एक मुलगी, अकोल्याच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेत शिकणारी, तिसऱ्या आठवड्यात अडली. घरी गोंगाट म्हणून ती फोन घेऊन अभ्यासिकेत येऊन बसू लागली. आमचे निवृत्त गुरुजी मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेले. तिच्या विषयातील त्यांना ओ की ठो कळत नाही. ते तिच्या शेजारी बसत आणि म्हणत, “काय शिकली वं आज? मले समजावून सांग बरं.” ती इंग्रजीत ऐकलेले वऱ्हाडीत सांगू लागे आणि सांगता सांगता थबके. गुरुजी म्हणत, “इथंच अटकली नं तू? जाय, पुन्हा आइक.” ती पुन्हा ऐके. कधी दोनदा, कधी चारदा. गुरुजी घड्याळ न पाहता बसून राहत. परीक्षेचे शुल्क धर्मग्रामातील एका कुटुंबाने भरले. ती परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. गुण बेताचेच पडले. पाचांपैकी दुसरा एक मुलगा परीक्षेस बसला, तो नापास झाला; तोही अभ्यासिकेत येत असे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. माणूस शेजारी बसला म्हणजे सर्व काही साधते असे नाही. पण गळालेल्या तिघांविषयी आम्हांस वाईट वाटते ते एवढ्यासाठी, की ते केव्हा गळाले हे आम्हांस ठाऊकच नव्हते. त्यांची आम्ही वाट पाहिली नव्हती.

येथे आपल्या जुन्या व्यवस्थेचेही परीक्षण व्हावे. आमच्या बोर्डिंगांतून आणि शाळांतून घोकंपट्टी पुष्कळ झाली. प्रश्न विचारणाऱ्या मुलास गप्प बसवण्यात आम्ही कमी नव्हतो. जो शिक्षक शेजारी असूनही मुलाकडे पाहत नाही, त्याच्यापेक्षा सलमान खानचा अदृश्य आवाज शतपटीने जवळचा आहे. म्हणून विनामूल्य धड्यांना नाके मुरडण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्यांनी आम्हांला आरसा दाखवला आहे. उत्तम विषयज्ञान आता दुर्मीळ राहिले नाही. त्यासाठी शिक्षकाने मिरवण्याचे दिवस सरले. मुलाशेजारी बसणे, त्याचे अडलेले ओळखणे आणि दुसऱ्या दिवशी त्याची वाट पाहणे हे काम उरले आहे, आणि ते पूर्वीही खरे काम होते.

पावसाळा संपल्यावर बैठक पुन्हा भरली. आम्ही मंडळापुढे आमची चूक कबूल केली. मोठा टीव्ही घेण्याचा विचार रद्द झाला; त्याऐवजी अभ्यासिकेत इंटरनेटची जोडणी घ्यावी आणि दोन जुने संगणक मिळवावेत, असे ठरले. ज्या सदस्यांनी वीजबिलाचा प्रश्न काढला होता त्यांनीच आठवड्यातून दोन संध्याकाळी येऊन बसण्याचे कबूल केले. “मले काही येत नाही फादर,” ते म्हणाले. आम्ही म्हणालो, गुरुजींनाही येत नव्हते. वीजबिलाची तरतूद मात्र अजून पुरती झालेली नाही. गुरुजींचे वय झाले आहे आणि पावसात त्यांची सायकल घसरते, ही काळजी वेगळीच.

या त्रैमासिकाच्या वाचककुटुंबांना आमची एवढीच विनंती आहे. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी फोनवर एखादा धडा ऐकत असेल तर तो फोन हिसकावून घेऊ नका आणि धडा सुरू आहे म्हणून निश्चिंतही होऊ नका. रात्री जेवताना एकदा विचारा, आज काय ऐकलेस, आम्हांला सांग. समजले नाही तरी ऐका. ज्ञानगंगा दारापर्यंत आली आहे. घागर घेऊन जाणाऱ्या लेकराबरोबर कुणीतरी घरून निघाले पाहिजे.